ऑटोवर ठेवलेली मोटार

धरणगाव,
५ डिसेंबर १९८८

भाऊ,

तुला नमस्कार, आईच्या पाया पडते, आणि तुझ्या प्लास्टरमधल्या पायाला इथूनच हात जोडते. वाइंडिंगच्या दुकानात मोटारी उचलायला साखळीची कप्पी टांगलेली असताना मोटार हातांनी उचलायला तुला कोणी सांगितलं होतं? आता दोन महिने खाटेवर पडून वहिनीला चहाच्या ऑर्डरी देत बस.

आमचं इथे बस्तान बसलं. रतिलाल शेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सीझनभर इलेक्ट्रिशियन म्हणून यांना ठेवलंय. खोली बाजाराच्या मागे मिळाली. शेजारीच तानुबाई म्हणून एक बाई राहते, तीही जिनिंगमध्येच जाते. तिच्या तोंडाला कुलूप नाही, त्यामुळे मला करमतं.

आता खरी बातमी. परवा शेठने सगळ्यांसमोर यांची पाठ थोपटली. जिनवरून सरकी खाली पडते ना, ती वाहून न्यायला एक लांब पन्हाळी आहे. तिच्यात लोखंडी स्क्रू फिरतो आणि सरकी गोदामापर्यंत ढकलतो. मधे ओल्या कापसाचा बोळा अडकला की मोटार बंद पडते. मग बाई वरची फळी उचलते आणि हात घालून बोळा ओढते. बोळा निघाला तरी मोटार चालू करायला यांना पार दुसऱ्या टोकाहून बोलवावं लागायचं, आणि तोवर शेठ सगळी जिनिंग डोक्यावर घ्यायचा. यांनी काय केलं, तर आपल्याकडे केळीच्या मळ्यात विहिरीवरच्या मोटारीला करतात तसं करून टाकलं. रिले ऑटोवर ठेवला, आणि हिरव्या बटणाच्या जागी साधा खटका लावला. आता मोटार बंद पडली तर थोड्या वेळाने आपोआप चालू होते. बाया पहिल्या दिवशी लांब पळाल्या. तानुबाई म्हणाली, "यानामा भूत शे का काय? आपेआप चालू व्हस!" दुसऱ्या दिवशी सवय झाली.

शेठ म्हणाला, असा माणूस मला आधी का नाही मिळाला. हे घरी आले ते दोन इंच उंच होऊन.

तुझ्याकडच्या जावळाच्या कार्यक्रमाचा राग अजून आहे बरं का. टॉवेल-टोपी यांना दुसऱ्या नंबरला दिली, ते अजून बोलून दाखवतात. तू एखादं चांगलं पत्र लिही, म्हणजे निवळेल. तुझ्याच धंद्यातली गोष्ट आहे, शाबासकी दिलीस तर फुलतील.

तुझी,
कुंदा

*

धुळे,
९ डिसेंबर १९८८

कुंदा,

तुझं पत्र काल आलं. तुझ्या वहिनीला वाचून दाखवत होतो, अर्ध्यात थांबलो. ती विचारत राहिली, पुढे काय, पुढे काय. मला पुढे वाचवेना.

नीट ऐक. रिले म्हणजे स्टार्टरखाली बसवलेली काळी डबी. मोटारीवर झेपणार नाही एवढं ओझं आलं की डबीतली पत्ती तापते, वाकते आणि मोटार बंद करते. नाहीतर मोटार जळेल. पत्ती निवली की सरळ होते. त्या डबीवर एक छोटा खुंटा असतो. तो मॅन्युअलवर असला तर माणूस येऊन बटण दाबेपर्यंत मोटार जागची हलत नाही. ऑटोवर असला, आणि वर तो एकदा लावला की लागलेलाच राहणारा साधा खटका असला, तर पत्ती सरळ झाली की मोटार निघाली. तिला काय माहीत, पन्हाळीत बोळा आहे की बाईचा हात? रिले मोटारीसाठी केलाय ग, माणसासाठी नाही.

विहिरीवर चालून जातं. लाइट कधी येईल त्याचा भरवसा नाही, केळी तहानलेली, आणि विहिरीत कोणी हात घालून बसलेलं नसतं. पण इथे मोटार बंद पडली की लगेच हात घालायचा, हीच तर कामाची पद्धत. म्हणजे ज्या वेळी हात आत, त्याच वेळी मोटार चालू होणार. अजून काही झालं नाही हे नशीब.

तू त्यांना काही सांगू नकोस. तुझ्या तोंडून माहेरचं शहाणपण निघालं की ते मुद्दाम करणार नाहीत. मी स्वतः त्यांना लिहितो, मान ठेवून लिहितो. मीच निघून आलो असतो, पण पाय हा असा. शेठला फोन करावा असंही मनात आलं. पण मग त्यांची नोकरी जाईल आणि जन्मभर ठपका माझ्यावर.

एवढ्यात तू त्या जिनिंगमध्ये पाऊल टाकू नकोस. तानुबाईबरोबर गंमत बघायलासुद्धा नको.

पंडित

*

धुळे,
१० डिसेंबर १९८८

श्री. चुडामणराव यांना पंडितचा आदरपूर्वक नमस्कार.

आपली तब्येत उत्तम असेल. कुंदाच्या पत्रातून आपल्या कामगिरीबद्दल कळलं आणि मन भरून आलं. रतिलाल शेठसारख्या जाणत्या माणसाने चारचौघांत कौतुक केलं म्हणजे ते काम तसंच असणार. आमच्या घराचीही मान उंच झाली.

जावळाच्या दिवशी धावपळीत आपल्या मानात जी उणीव राहिली ती माझ्या मनाला अजून टोचते. मोठ्या मनाने पोटात घालावी.

मोटारीच्या पाटीवरचा आकडा पाहूनच आपण रिलेचे अँपिअर लावले असतील, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आपल्या हातात कसब आहे. फक्त एक बारीकशी गोष्ट, तीही माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे. खुंटा ऑटोवर ठेवण्यामागे आपला काही विचार असेलच. तरी कारखान्यात काही ठिकाणी तो मॅन्युअलवर ठेवायची पद्धत आहे, असं आमच्याकडे येणारे काही लोक म्हणतात. माणसं आसपास वावरत असतात, म्हणून. आपण प्रत्यक्ष जागेवर आहात, मी खाटेवर. आपल्याला जास्त कळतं. सवडीने एकदा नजर टाकावी, एवढीच विनंती.

काही अधिकउणं लिहिलं असेल तर क्षमा असावी.

आपला,
पंडित

*

धरणगाव,
१८ डिसेंबर १९८८

पंडितभाऊ यांस नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. खरं सांगतो, वाचून बरं वाटलं. टोपीचं काय घेऊन बसलात, मी केव्हाच विसरलो. पत्र शेठजींनाही वाचून दाखवलं. धुळ्याचा एवढा जुना मोटारवाला आपल्या इलेक्ट्रिशियनला मानतो, हे ऐकून ते खूष झाले.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ऑटो ठेवण्यामागे माझा विचार आहेच. अँपिअर तर पाटीवरून बरोबर लावलेत, कमी नाही की जास्त नाही. पण इथे एका माणसाच्या मागे पूर्ण जिनिंग. लाइट गेली की सगळं बंद, आली की एकेका बटणाला धावा. बोळा अडकला की पुन्हा धावा. त्यात कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या. आमच्या गावात विहिरी-विहिरींवर मी स्वतः ऑटो बसवून दिलेत, एकाची मोटार जळली नाही. लोकांच्या पद्धती लोकांपाशी. तुम्ही पत्रात म्हणालात तेच खरं, जागेवरच्या माणसाला जास्त कळतं.

एक आनंदाची बातमी. सरकीच्या पन्हाळीवरची एक बाई बाळंतपणाला गेली. तिच्या जागी मी कुंदाला लावून दिलं. कालपासून जाते. तिचा हात चपळ आहे, बोळा चुटकीसरशी काढते. मुकादम पण म्हणाला, इलेक्ट्रिशियनची बायको स्वतः तिथे उभी आहे म्हटल्यावर बाकी बायांना भीती कसली.

पायाची काळजी घ्या. आईंना नमस्कार सांगा.

चुडामण

*

धुळे,
२२ डिसेंबर १९८८

कुंदा,

आत्ताच्या आत्ता हे वाच आणि आहेस तिथून उठ.

त्या पन्हाळीत हात घालू नकोस. कोणी कितीही ओरडलं, मुकादमाने शिव्या दिल्या, नवऱ्याने डोळे वटारले, तरी हात घालायचा नाही. काम सुटत नसेल तर एक लांब काठी जवळ ठेव. मोटार बंद पडली तर काठीनेच बोळा काढ. तीही मुठीत घट्ट धरू नकोस, नुसती टेकव.

तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून मागे एक गोष्ट लिहिली नाही. गेल्या वर्षी एका तेलगिरणीतून आमच्याकडे मोटार आली होती. पुली साफ करताना खाचेतल्या ग्रीसमध्ये हिरव्या काचेचा तुकडा निघाला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. मोटार घेऊन आलेल्या माणसाला विचारलं, तर तो बाहेर जाऊन बिडी पीत बसला. बांगडी कोणाची होती, ते आम्हाला कधी कळलं नाही.

चुडामणरावांनी माझं पत्र शेठला वाचून दाखवलं. मी त्यांना भीती कळवायला गेलो आणि त्यांच्या हातात प्रमाणपत्र दिलं. आता मला सुचत नाही काय करावं ते. तू उत्तर लगेच टाक, दोन ओळींचं का होईना. तुझं अक्षर दिसल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

पंडित

*

धरणगाव,
२ जानेवारी १९८९

भाऊ,

अक्षर बघून घे आणि आधी जेव.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कुंपणाचा बांबू मोडून काठी केली. बाया हसल्या. एकीने विचारलं, म्हशी वळायला निघालीस का? मी तानुबाईलाही एक काठी दिली. तिने दोन दिवस वापरली, मग ठेवून दिली. काठीने वेळ लागतो आणि मुकादम मागे उभा असतो.

शनिवारी पन्हाळी बंद पडली. मी फळी उचलली, काठी घातली. बोळा मोठा होता, पाण्याने जड झालेला. काठी त्याच्यात रुतायची पण तो निघेना. भाऊ, तुझ्यापासून काय लपवू, मला वाटलं, एकदाच हात घालते, एका झटक्यात निघेल. मी बाही वर केली. तेवढ्यात खाली गुरगुरल्यासारखं झालं आणि काठी माझ्या मुठीतून गेली. ओढली म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही, होती आणि नव्हती. नंतर गोदामाच्या तोंडाशी सरकीत तिच्या चिरफळ्या सापडल्या. मी तिथेच पोत्यांवर बसले.

रात्रीपर्यंत थांबले नाही, तिथल्या तिथे यांना गाठलं. चिरफळ्या दाखवल्या. म्हटलं, खुंटा फिरवा. तर म्हणाले, "शेठले काय सांगू? ज्या कामाची तारीफ केली तेच चुकलं म्हनू?" मी भावाचं नाव काढलं मात्र, आवाज चढला. "तुहा भाऊ तर पत्रात लिहितो का आपल्याले जास्त कयते म्हनून! मंग आता मले शिकवतो का?"

मी काम सोडते म्हटलं, तर तेही नाही. इलेक्ट्रिशियनचीच बायको घाबरून पळाली तर बाकीच्या राहतील का, असं विचारतात. म्हणजे मी तिथे कामाला नाही, शोभेला उभी आहे.

मग मी तुझं ते पत्र मागून घेतलं आणि वाचलं. भाऊ, त्यात भीती कुठे आहे रे? मला लिहिलंस त्यातला एक शब्द तरी त्यात आहे का? "बारीकशी गोष्ट" म्हणे! मीही तू लिहिणार म्हणून गप्प बसले, माझंही चुकलं. आता गोड लिहू नकोस. त्यांना राग येऊ दे. माझं माहेर बंद करतील तर करू देत. पण असं लिही की वाचल्यावर त्यांना घास गिळता येणार नाही. रोज सकाळी जिनिंगच्या दारातून आत जायला मला नको वाटतं.

कुंदा

*

धुळे,
६ जानेवारी १९८९

चुडामण,

मुद्दाम पोस्टकार्डावर लिहितोय. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

तू केलेलं काम चुकीचं आहे. माझं आधीचं पत्र खोटं होतं, तोंडदेखलं होतं, ते फाडून टाक. खुंटा ऑटोवरून काढ. खटका काढून बटण परत लाव. बंद पडलेली मोटार माणसाने बघितल्याशिवाय चालू होता कामा नये. फळी उचलायच्या आधी फ्यूज काढून खिशात ठेवायचे. हे आज कर, शेठला विचारत बसू नकोस.

नाही केलंस तर त्या पन्हाळीत कोणाचा तरी हात जाणार आहे. जाईल का, असं म्हणत नाही. जाणार आहे. तो माझ्या बहिणीचा असला तर मी तुझं तोंड बघणार नाही.

टोपी-टॉवेलचा हिशेब नंतर कर.

पंडित

*

धुळे,
२० जानेवारी १९८९

कुंदा,

माझं कार्ड मिळालं का? दोन आठवडे झाले, ना तुझी ओळ, ना त्यांची. संक्रांतीचं तिळगुळाचं पाकीटसुद्धा आलं नाही. असं कधी झालेलं नाही.

पोस्टमन समोरच्या घरी सायकल लावतो तेव्हाच मी खाटेवर उठून बसतो. आई विचारते, पोरीचं पत्र आलं का? मी सांगतो, सीझन आहे, कामात असेल. आई माझ्याकडे बघत राहते. तिला काय कळलंय ते मी विचारत नाही.

काल राहवलं नाही. तुझ्या वहिनीच्या खांद्यावर हात टाकून पोस्टात गेलो आणि जिनिंगला ट्रंककॉल लावला. मुनीम होता. चुडामणला बोलवा म्हटलं तर म्हणाला, नाही, तो जळगावला गेलाय. कशाला गेलाय, विचारलं. मागे बरीच माणसं बोलत होती, कोणीतरी बाई रडत होती असं मला वाटलं, का लाइनीचा आवाज होता, देव जाणे. मी ओरडलो, इलेक्ट्रिशियनच्या घरून बोलतोय, सगळं ठीक आहे ना? त्याने फोन ठेवून दिला. परत लावला तो लागलाच नाही.

सोमवारी प्लास्टर निघतं. नाही निघालं तरी मी त्यासकट एसटीत बसणार आहे. तोवर काहीही असो, खरं असेल ते कळव. कोणाच्याही हाताने लिही, पण कळव.

पंडित

*

जळगाव,
२१ जानेवारी १९८९

भाऊ,

मी धड आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तुला वाचता येईल.

हे पत्र जळगावहून लिहितेय, दवाखान्याच्या पायरीवर बसून. तानुबाईला इथे आणलंय. तिचा उजवा हात गेला. मनगटाच्या वर थोडा राहिलाय. गुरुवारी दुपारी झालं. पन्हाळी बंद पडली, तिने फळी उचलली आणि हात घातला. बाकी तुला माहीतच आहे. हे किंकाळी ऐकून धावले, खटका पाडला, स्क्रू उलटा फिरवून तिला सोडवलं, आपल्या अंगावरचं उपरणं बांधलं आणि शेठच्या जीपमध्ये मांडीवर घेऊन तिला इथपर्यंत आणलं. सगळे म्हणतात, इलेक्ट्रिशियन होता म्हणून बाई वाचली.

तिथे मी असायला हवी होते, भाऊ. ती माझी जागा.

तुझं कार्ड वेळेवर आलं. मुनीमाने ते ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. हे घरी आले तेव्हा चेहरा काळाठिक्कर. मला वाटलं, आता माझ्यावर निघेल. पण न जेवताच झोपले. सकाळी म्हणाले, आज जाऊ नको, गावाहून पाहुणे येणार आहेत. मी पुरणाचं केलं. पाहुणे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज येतील. मग म्हणाले, तुझा चेहरा उतरलाय, दोन दिवस आराम कर. मी समजले, भावाच्या कार्डाची शिक्षा आहे, मला घरात कोंडतायत. तुला पत्र टाकायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून लिहिलं नाही. पण मनातून बरं वाटत होतं. जिनिंगच्या दारातून जायचं नाही, एवढंच बरं. मुकादमाने माझ्या जागी कोणाला उभं केलं, हे मी एकदासुद्धा विचारलं नाही.

काल इथे व्हरांड्यात यांना विचारलं. खुंटा फिरवला होता का? मान हलवली, नाही. मग मला घरी का ठेवलं होतं? म्हणाले, "तुले काही होऊ नही म्हनून."

भाऊ, म्हणजे त्यांना पटलं होतं. तुझं कार्ड वाचलं त्याच दिवशी पटलं होतं. बायकोला घरी ठेवण्याइतकं पटलं होतं, पण सगळ्यांसमोर वाचलेल्या कार्डाप्रमाणे खुंटा फिरवण्याइतकं नाही. म्हणाले, सीझन संपला की गुपचूप फिरवणार होतो. अर्धा वेढा रे. पान्यानेसुद्धा फिरवावा लागत नाही, बोटाने फिरतो. गुरुवारी संध्याकाळी परत जाऊन त्यांनी तो फिरवला. मला सांगताना लहान पोरासारखे रडले. मी जवळ गेले नाही. या माणसाने मला वाचवलं आणि मला त्याचीच भीती वाटते. त्यांनी ते सांगितलं तेव्हा क्षणभर मला आनंद झाला, की यांनी माझा जीव जपला. त्या आनंदाची तर त्याहून जास्त भीती वाटते.

तू पहिल्याच पत्रात कार्डावरचं लिहिलं असतंस तर? तेव्हा शेठला काही वाचून दाखवलेलं नव्हतं, मुनीमाने वाचलं नव्हतं, आणि मीही त्या पन्हाळीवर गेले नव्हते. त्यांनी चिडून का होईना, गुपचूप फिरवला असता. असं मला वाटतं. खरं-खोटं आता कोणाला कळणार? तुला दोष द्यायला लिहीत नाही. पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही, म्हणून लिहिलं.

शेठ येऊन गेला. म्हणाला, बाईने घाई केली, काम बंद पडल्यावर थांबायचं असतं. कारखाने तपासणारे सरकारी साहेब चौकशीला येणार आहेत म्हणतात. मुनीमाने यांना बाजूला घेऊन काहीतरी शिकवलं. मला कोणी विचारलं तर मी काय सांगायचं ते मी ठरवलंय, आणि यांनाही सांगितलंय.

आज सकाळी तानुबाई शुद्धीवर आली. मी चमच्याने चहा पाजत होते. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू त्या रोज नै व्हती ते बरं व्हयनं वं माय. तुले देवनी वाचाडं." आणि यांना आशीर्वाद द्यायला लागली, की तुझ्या नवऱ्याने मला सोडवलं, त्याला औक्ष मिळो.

मला ते ऐकवेना. चहा खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. खुंटा, तुझं कार्ड, न आलेले पाहुणे, सगळं. देवाने नाही वाचवलं, असं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, आता ती ओरडेल, मला हाकलेल. मी उठायला लागले, तर तिने डाव्या हाताने माझा पदर धरला.

"मन्ही येणी घाली दे," म्हणाली. "माले आते घालता येवाव नै."

मी तिच्या मागे बसले आणि केस सोडवायला घेतले. भाऊ, तीन पेड घालायला मला किती वेळ लागला काय सांगू. दोन्ही हात असून.

कुंदा